इंग्रजीचा प्राध्यापक आणि हरणाचे काडतूस

मराठीत 'काडतूस' हा शब्द उच्चारला की पहिल्यांदा आठवतो तो १८५७ चा उठाव. एनफिल्ड रायफलीचे ते चरबी माखलेले काडतूस शिपायाला दातांनी तोडावे लागे, हे शाळेच्या पुस्तकापासून आपल्या परिचयाचे आहे. पण ते दातांनी तोडता येत होते याचे कारण ते कागदाचे होते, ही गोष्ट सहसा ध्यानी राहत नाही. गोळी आणि मोजून घेतलेली दारू एका कागदी पुडीत बांधलेली असे, आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या या शब्दाच्या मुळाशीही, थेट लॅटिनपर्यंत मागे गेल्यास, कागदच सापडतो. पुढे कागदाच्या जागी पितळ आले. नाव मात्र तेच राहिले.

ही व्युत्पत्ती आठवण्याचे कारण असे, की विसाव्या शतकातील अमेरिकेत काडतुसावरून एक दीर्घ वाद झाला आणि तोही मुख्यतः कागदावरच झाला. हरणाच्या शिकारीसाठी, आणि जमल्यास त्याहून मोठ्या जनावरासाठीही, एकच काडतूस निवडायचे तर ते कोणते? प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आहे आणि आपल्यासारख्या कविता-कादंबऱ्यांत रमणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. परंतु या वादातील प्रमुख पक्षकार विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा एक प्राध्यापक होता, दोन कादंबऱ्यांचा लेखक होता, आणि त्याने ज्या काडतुसाची बाजू घेतली ते काडतूस त्याच्या गद्यामुळे अजरामर झाले असे आजही म्हटले जाते. एखादे मत मान्यता कसे पावते, हा तर आपल्या अभ्यासाचाच विषय आहे. म्हणून हा खटाटोप. आरंभीच सांगून टाकतो, की जत्रेतल्या फुग्यांपलीकडे मी स्वतः कधी बंदूक चालवलेली नाही. माझा अधिकार असलाच तर तो वाचकाचा आहे.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. अमेरिकेत 'हरीण' हा एक प्राणी नव्हे. पूर्वेकडील दाट जंगलांत पांढऱ्या शेपटीचे हरीण असते; आपल्या चितळाएवढे किंवा त्याहून थोडे थोराड. ते झाडीत पन्नास-साठ पावलांवर दिसते आणि क्षणात नाहीसे होते. पश्चिमेकडे म्यूल डियर असते, ते उघड्या डोंगरउतारांवर. ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या वाळवंटी डोंगरांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाचीच एक लहान जात आढळते. तिचा नरही पंचेचाळीस किलोंच्या आसपास भरतो आणि त्याला बहुधा दरीच्या पलीकडून, दोनशे-तीनशे यार्डांवरून टिपावे लागते. शिवाय हरिणकुळातलाच एल्क आहे, जो तीनशे किलोंच्याही वर जातो. राजेरजवाड्यांना प्रत्येक जनावरासाठी निराळी रायफल बाळगणे शक्य होते. अमेरिकेतला शिकारी मात्र बहुतांशी शेतकरी, लाकूडतोड्या, गिरणीकामगार किंवा शाळामास्तर असे. त्याच्या घरी रायफल एकच, आणि तिने हिवाळ्यासाठी मांसही आणायचे. सर्वोपयोगी काडतुसाचा शोध हा मुळात अशा एका रायफलीच्या घराचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. चुकीच्या जागी किंवा अपुऱ्या खोलीवर लागलेली गोळी हरणाला मारत नाही, जखमी करते. पोटात गोळी लागलेले हरीण मैलोन्‌मैल जाते आणि तासन्‌तास मरत राहते. त्यामुळे 'कोणते काडतूस चांगले' या प्रश्नाच्या पोटात 'कोणते काडतूस अशी वेळ कमीत कमी आणील' हा प्रश्न दडलेला असतो. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचा सगळा वाद हौशी माणसांची आकडेमोड वाटू लागतो.

बोलीभाषेत आपण सबंध काडतुसालाच गोळी म्हणतो. वस्तुतः गोळी हा त्याचा केवळ पुढचा भाग. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेट घेणारी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असा तो संसार असतो. गोळीचे वजन 'ग्रेन' या मापात सांगतात. हे मूळचे धान्याच्या दाण्याचे वजन. एका पौंडात असे सात हजार ग्रेन बसतात. आपल्या सराफाची गुंज याच जातीची. १३० ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे सत्तर गुंजा, साडेआठ ग्रॅमच्या आसपास.

एकोणिसाव्या शतकात काळी दारू वापरात होती, तोवर निवडीला फारसा वावच नव्हता. काळ्या दारूने गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देता येत नसे. म्हणून मारकता वाढवायची तर गोळी जाड आणि जड करणे एवढाच मार्ग उरे. अमेरिकी लष्कराचे १८७३ चे .४५-७० हे काडतूस याचा नमुना आहे. ०.४५ इंच जाडीची, चारशेहून अधिक ग्रेनची शिशाची गोळी आणि सत्तर ग्रेन काळी दारू. गोळी हळू जाई आणि भिरकावलेल्या दगडासारखी वक्र जाई. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुके. शिवाय बार काढल्यावर शिकाऱ्यासमोर धुराचा पडदा उभा राही तो वेगळाच.

१८८४ मध्ये पॉल व्येय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि हे गणित पालटले. दोनच वर्षांत फ्रान्सने तिच्यासाठी लेबेल रायफल काढली. नळी बारीक झाली, गोळी हलकी झाली, वेग मात्र कितीतरी वाढला. १८९५ मध्ये विंचेस्टर कंपनीने .३०-३० हे काडतूस जॉन ब्राउनिंगच्या १८९४ च्या रायफलीसाठी बाजारात आणले. अमेरिकेतले खास शिकारीसाठी काढलेले हे पहिले धूरविरहित, बारीक नळीचे काडतूस. पूर्वेकडील जंगलांत त्याने अक्षरशः पिढ्या पोसल्या. ती रायफल सडपातळ, खोगिराला टांगता येण्याजोगी, आणि काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्काही बेताचा. शंभर यार्डांच्या आत पांढऱ्या शेपटीच्या हरणाला याहून अधिक काही लागत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. मात्र शंभर यार्डांवर नेम लावलेल्या .३०-३० ची गोळी दोनशे यार्डांवर आठ-नऊ इंच खाली येते, आणि हरणाच्या छातीतील मर्मस्थान साधारण तेवढ्याच व्यासाचे असते. म्हणजे दरीपलीकडचे हरीण तिच्या आवाक्याबाहेरचे.

याच सुमारास युरोपात पीटर पॉल माउझरने ७ मिलिमीटरचे काडतूस सिद्ध केले होते. १८९८ मध्ये क्यूबाच्या लढाईत स्पॅनिश सैनिकांच्या हातांत तेच होते, आणि त्याचा अमेरिकी सैन्याला असा काही प्रत्यय आला की त्यांनी आपली रायफलच बदलली. १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरच्या रचनेला इतकी धरून होती की अमेरिकी सरकारला माउझरला स्वामित्वधन द्यावे लागले. पुढे जर्मनांनी टोकदार गोळी आणली. तिला उत्तर म्हणून १९०६ मध्ये अमेरिकेने आपले काडतूस सुधारले. ०.३० इंच आणि साल १९०६, म्हणून .३०-०६. दीडशे ग्रेनची टोकदार गोळी, सेकंदाला २,७०० फुटांचा वेग. महायुद्धातून परतलेल्या तरुणांना हीच रायफल हाताळता येत होती. काडतुसे मुबलक होती, स्वस्त होती आणि आडगावच्या दुकानातही मिळत. पुढे त्यासाठी ११० ग्रेनपासून २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या निघाल्या. सर्वोपयोगी म्हणवून घेण्यास आणखी काय हवे? वाद येथेच संपायला हरकत नव्हती.

तो संपला नाही. १९२५ मध्ये विंचेस्टरने .३०-०६ च्याच घराण्यातली पुंगळी घेऊन तिचे तोंड आवळले आणि त्यात ०.२७७ इंच जाडीची १३० ग्रेनची गोळी बसवली. वेग सांगितला सेकंदाला ३,१४० फूट. हे .२७० विंचेस्टर. बारीक गोळी आणि प्रचंड वेग म्हटल्यावर जुन्या शिकाऱ्यांनी नाके मुरडली. तीन दशकांपूर्वी .३०-३० ला पाहून ज्यांच्या वडिलांनी मुरडली होती, तेच हे लोक. नव्या काडतुसाने मांस नासते अशीही तक्रार झाली.

त्याच वर्षी जॅक ओकॉनर नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने ही रायफल विकत घेतली. ओकॉनर म्हटल्यावर आपल्याला फ्लॅनरी आठवते किंवा आयरिश कथाकार फ्रँक. हा त्यांच्यापैकी नव्हे. त्याचा जन्म १९०२ चा, ॲरिझोनातल्या नोगालेस या सीमेवरच्या गावचा. तेव्हा ॲरिझोना राज्यही झाले नव्हते. पत्रकारितेत एम. ए. केल्यावर त्याने टेक्ससमध्ये आणि पुढे ॲरिझोनात अध्यापन केले. १९३४ पासून तो ॲरिझोना विद्यापीठात होता. तेथील पत्रकारितेचा पहिला प्राध्यापक तोच. १९३० मध्ये 'काँक्वेस्ट' आणि १९३८ मध्ये 'बूम टाउन' या त्याच्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. प्राध्यापकाच्या पगारात भागत नसे म्हणून नियतकालिकांसाठी लिहिणे चाले (आपल्यापैकी किती जणांना हे वाक्य परके वाटेल?) आणि त्यातला मोठा भाग शिकारीवरचा असे. 'आउटडोअर लाइफ' या मासिकाचा बंदूकविषयक संपादक म्हणून त्याने १९४१ पासून १९७२ पर्यंत काम केले, आणि १९४५ मध्ये प्राध्यापकी सोडून दिली.

ओकॉनरचा .२७० चा पुरस्कार त्याच्या भूगोलातून आला होता, ही गोष्ट त्याचे टीकाकार विसरतात. तो ज्या प्रदेशात शिकार करायला शिकला तेथे हरीण लहान आणि अंतर लांब. वाळवंटी डोंगरातल्या त्या पंचेचाळीस किलोंच्या हरणाला तीनशे यार्डांवर टिपायचे तर जड गोळीपेक्षा सरळ जाणारी गोळी हवी. पुढे तो उत्तरेकडे, मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांच्या शिकारीकडे वळला, तेथेही हीच परिस्थिती. म्हणजे त्याचे मत अनुभवातून निघाले होते, पण तो अनुभव एका विशिष्ट भूमीचा होता. मिशिगनच्या झाडीत वाढलेल्या वाचकाला त्या मताची गरज कितपत होती, हा प्रश्नच आहे. तरीही मिशिगनच्या वाचकाने .२७० घेतली, कारण त्याने ओकॉनर वाचला होता.

तो लिहीत कसा असे, हे सांगायला हवे. बंदुकीवरचे लेखन तोवर दोन प्रकारचे होते. एक कोष्टकांचे, दुसरे बढायांचे. ओकॉनरने तिसरा प्रकार रूढ केला. तो वाचकाला बरोबर घेऊन निघे. घोडा, तळ, सकाळची थंडी, दुर्बिणीतून दिसलेला शिंगांचा ठिपका, आणि मग एखाद्या वाक्यात रायफल. काडतुसाची भलामण त्याला करावीच लागत नसे. गोष्ट संपेपर्यंत ती झालेली असे. स्वतःच्या चुका तो सांगे, नेम चुकला तर तो चुकला म्हणे, आणि अतिशयोक्ती करणाऱ्यांची फिरकी घेई. कथनातील विश्वासार्ह निवेदक म्हणून जे आपण वर्गात शिकवतो, ते त्याने बंदुकीच्या सदरात राबवले. कादंबरीकार म्हणून जे स्थान त्याला मिळाले नाही ते असे मागच्या दाराने मिळाले.

प्रतिपक्षी होता एल्मर कीथ. जन्म १८९९ चा. आयडाहोतला गुराखी, वाटाड्या, पशुपालक. लहानपणी हॉटेलला लागलेल्या आगीत तो भयंकर भाजला होता आणि त्यातून जिद्दीने उठला होता. पिस्तुलांच्या जगात त्याचे नाव .४४ मॅग्नम या काडतुसाशी जोडलेले आहे. शिकारी पाहुण्यांना एल्कमागे नेण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले, आणि पाहुण्यांच्या हलक्या गोळ्यांनी जखमी होऊन निसटलेल्या एल्कचा माग काढण्याचे कामही अर्थात त्याच्याकडेच येई. म्हणून त्याचा आग्रह जाड, जड गोळीचा. ०.३३ इंचांहून बारीक आणि अडीचशे ग्रेनहून हलकी गोळी एल्कसाठी त्याच्या मते अपुरी; .२७० तर त्याच्या दृष्टीने किरकोळ जनावरांचे काडतूस. ती पाहुणे मंडळी घाईत, वाटेल त्या कोनातून, मागच्या बाजूनेही गोळी झाडत. अशा वेळी गोळीला अर्धे जनावर भेदून मर्मापर्यंत पोचावे लागे. कीथ ज्या माणसांसाठी काडतूस निवडत होता ती ओकॉनरची माणसे नव्हती, आणि ते जनावरही ओकॉनरचे नव्हते.

दोघांतले वैर प्रसिद्ध आहे. एक शिकलेला, उपरोधाने बोलणारा. दुसरा शाळेत फारसा न रमलेला, मोठ्या हॅटचा, सरळ अंगावर येणारा. कीथचे लेखन संपादकांना पुष्कळ दुरुस्त करावे लागे असे सांगतात. वाचकांचे दोन तट पडले आणि दोन पिढ्या टिकले. मला त्यात नवकाव्याच्या काळातले आपल्याकडचे तट आठवतात: मुद्दा एक, आणि त्याआडून चाललेले शिक्षणाचे, वर्गाचे आणि भाषेचे भांडण दुसरे. वादातले युक्तिवाद दोघांचेही खरे होते. फक्त दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते.

आता आकडे पाहू, कारण येथे एक मौज आहे. दोनशे यार्डांवर नेम लावलेल्या .२७० ची १३० ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवर साडेसहा-सात इंच खाली येते. .३०-०६ ची आजची दीडशे ग्रेनची गोळी तेवढ्याच अंतरावर सात-साडेसात इंच. फरक जेमतेम एका इंचाचा. नळीतून सुटताना .२७० मध्ये सुमारे २,७०० फूट-पौंड ऊर्जा असते, .३०-०६ मध्ये सुमारे २,८००. एवढा इंचभर फरक तीनशे यार्डांवर कोणत्या शिकाऱ्याच्या हाताला कळतो? आणि हरणाला? तरीही या दोन काडतुसांच्या नावाने अर्धशतकभर शाई सांडली. येथे मला कोष्टकापेक्षा ओकॉनरच्या लेखांतली ती थंडगार सकाळ अधिक प्रभावी ठरलेली दिसते.

एक फरक मात्र खरा आहे, आणि तो नळीच्या पुढच्या टोकाला नसून मागच्या टोकाला आहे. आठेक पौंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का सुमारे वीस फूट-पौंडांचा, .२७० चा सतराच्या आसपास, पुढे आलेल्या .२४३ चा दहाच्या आसपास. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा आक्रसतो, आणि गोळी छातीऐवजी पोटात जाते. हेमिंग्वेची १९३६ ची मॅकोंबरवरची कथा आपल्या इंग्रजी विभागात अनेक वर्षे शिकवली गेली. तिच्यात मॅकोंबरच्या हाती .३०-०६ असते, गोळी २२० ग्रेनची. सिंहासाठी ते काडतूस अगदीच हलके म्हणावे असे नाही, आणि हेमिंग्वे स्वतः आफ्रिकेत .३०-०६ ची स्प्रिंगफील्डच घेऊन गेला होता. पण गोळी सिंहाच्या कुशीत बसते आणि पुढचा सगळा अनर्थ तेथून सुरू होतो. हात कापत होते. काडतूस बदलून ते थांबले नसते. त्या कथेतला जखमी सिंहाच्या बाजूने सांगितलेला भाग ज्यांनी लक्षपूर्वक वाचला आहे त्यांना 'एकच काडतूस' या प्रश्नामागची नैतिक निकड वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरा खरा फरक गोळीच्या बांधणीचा, आणि त्याकडे दोन्ही तटांचे लक्ष उशिरा गेले. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या एका मूसच्या अंगावर वरच्यावर फुटल्या, आत गेल्याच नाहीत. त्यातून त्याने मधोमध तांब्याचा पडदा असलेली गोळी घडवली: पुढचा भाग फुलावा, मागचा अभंग राहून खोल जावा. १९४८ पासून ती विकली जाऊ लागली. अशा गोळीने .२७० वरचा कीथचा मुख्य आक्षेप बराचसा निकालात निघतो, कारण हलकी गोळीही आता खोल जाऊ शकत होती. वादाची भूमी पायाखालून सरकली होती. वाद चालूच राहिला.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा ओकॉनरच्या घरातच होता. त्याची पत्नी एलिनॉर स्वतः निष्णात शिकारी होती. तिची आवडती रायफल .२७० ची नव्हती. ती होती माउझरच्या ७ मिलिमीटर काडतुसाची, म्हणजे १८९० च्या दशकातल्या त्याच जुन्या काडतुसाची. धक्का सौम्य, वेग मध्यम. तिने अमेरिकेत आणि आफ्रिकेत त्या रायफलीने केलेल्या शिकारी नवऱ्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवल्या आहेत: बेताचे काडतूस, धास्ती नसलेला हात, आणि योग्य क्षणाची वाट पाहण्याचा संयम. नवऱ्याने आयुष्यभर ज्याची जाहिरात केली त्याशिवायही सगळे जमते, हे ती शेजारी बसून सिद्ध करीत होती. आणि तोही प्रामाणिक इतका, की सर्व प्रकारच्या जनावरांचा विचार केला तर .३०-०६ च अधिक सर्वोपयोगी, असे त्याने लिहूनही टाकले आहे. त्याचे भक्त हा भाग वाचत नाहीत. भक्तांचे सगळीकडे असेच असते.

या ७ मिलिमीटरच्या काडतुसाला आपल्या बाजूचा एक दुवा आहे. लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच .२७५ या नावाने विकले, आणि तसली एक रायफल १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला मिळाली. त्याचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले. त्या शाखेचे आर. ई. हॉकिन्स हे त्याचे संपादक. १९५५ मध्ये कॉर्बेट वारल्यानंतर ती रायफल त्याच्या प्रकाशकाकडे गेली आणि २०१५ मध्ये रिग्बीकडे परतली. लेखकाची रायफल प्रकाशकाच्या ताब्यात, हे दृश्य मानधनासाठी तिष्ठणाऱ्या मराठी लेखकाने अवश्य डोळ्यांसमोर आणावे.

बाकी भारतात हा वाद उद्भवलाच नाही, कारण येथे निवड शिकाऱ्याने केली नाही, सरकारने केली. बंडाच्या धास्तीने लष्करी मापाची काडतुसे खासगी माणसाला निषिद्ध होती; .३०३ म्हणूनच मिळत नसे, आणि स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या कारखान्यातून नागरिकांसाठी निघाली ती .३१५ ची रायफल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ मधील दुरुस्तीने तर शिकारीचा प्रश्नच मिटला. चितळ आणि काळवीट आता आपल्याला दुर्बिणीतून पाहायचे आहेत, आणि त्याबद्दल मला मुळीच खंत नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९०० च्या सुमारास बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने पांढऱ्या शेपटीची हरणे पाचेक लाखांवर आली होती असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या आसपास मानली जातात. मोसम, परवाने आणि मर्यादा यांबरोबर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचाही त्यात वाटा आहे. त्या कायद्याने रायफली व काडतुसांवरील अकरा टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. लांडगे, प्यूमा यांसारखे भक्षक बहुतेक भागांतून नाहीसे केल्यामुळे हरणांची संख्या आवरणे हेही आता तेथे माणसाकडेच आले आहे. त्यामुळे काडतुसाचा प्रश्न तेथे दरसाल नव्याने उभा राहतो.

पुढचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. १९५२ मध्ये .३०८ आले, आखूड पुंगळीत.३०-०६ चे बहुतेक काम. १९५५ मध्ये .२४३, मुलांना आणि नवशिक्यांना सोसेल असे. १९६० च्या दशकात मॅग्नमांची लाट आली. अधिक दारू, अधिक वेग, अधिक धक्का, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हरणासाठी अधिक असे काहीच नाही. २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर आले आणि सौम्य धक्का, सरळ मार्ग, लांब सडपातळ गोळी यांचा साक्षात्कार जणू पहिल्यांदाच झाल्यासारखा डंका वाजला. स्वीडनचे शिकारी १८९० च्या दशकापासून ६.५ मिलिमीटरचे आपले जुने काडतूस घेऊन निमूटपणे मूस मारत आले आहेत, याची त्या गदारोळात फार थोड्यांना आठवण झाली.

मग उत्तर काय? एल्कसह सगळे हरिणकुळ एकाच रायफलीने साधायचे असेल तर .३०-०६; हरणाला दीडशे ग्रेन आणि एल्कला एकशे ऐंशी, असा बदल त्यात सहज करता येतो आणि काडतुसे कोठेही मिळतात. केवळ हरीणच हवे असेल तर .२७०, .३०८ किंवा माउझरचे सात मिलिमीटर यांतले जे खांद्याला भीती घालणार नाही ते. दाट झाडीत .३०-३० अजूनही पुरेसे आहे. कीथचा सल्ला एल्कच्या डोंगरात आजही ऐकण्याजोगा आहे, पण हरणासाठी तो लागू करणे म्हणजे सुपारी फोडायला घण आणणे. हे उत्तर १९४० च्या दशकातही देता आले असते आणि काही शहाण्यांनी ते दिलेही होते; पण त्यांचे गद्य सपक होते.

ओकॉनर २० जानेवारी १९७८ रोजी हवाईहून परतताना जहाजावर वारला. शहात्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. पुढच्याच वर्षी कीथचे आत्मचरित्र आले, आणि १९८४ मध्ये कीथही गेला. 'काँक्वेस्ट' आणि 'बूम टाउन' यांची नावे अमेरिकन वाङ्मयाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात मला आजवर आढळली नाहीत. .२७० ला २०२५ मध्ये शंभर वर्षे झाली, आणि तिची १३० ग्रेनची काडतुसे आजही विकली जातात.